दोन गिरण्यांची सोयरीक

माझ्या थोरल्या बहिणीला सोलापुरातल्या दोन गिरण्यांनी मिळून फसवलं. एकाच गिरणीनं फसवलं असतं तर मी त्याला व्यवहार म्हटलं असतं आणि गप्प बसलो असतो. व्यवहारात माणूस फसतोच. मीही पुष्कळांना फसवलं आहे आणि त्यांतले निम्मे अजून माझ्याकडूनच माल घेतात. पण दोघांनी आधी आपसांत ठरवून, वर एकमेकांचे वैरी असल्याचं तोंड करून, वजनावर सूत भरणाऱ्या एका बाईला लुबाडावं, याला आमच्या धंद्यात वेगळा शब्द आहे. तो इथे लिहिता येत नाही. घरात सुना वाचतात.

मी मोडनिंबकडचा. वडील गुरांच्या बाजारात दलाली करत. उपरण्याखाली गिऱ्हाइकाचा हात धरायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा, ही तिथली रीत. शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही कळत नाही की कोण किती बोललं. यात मोठं शहाणपण आहे. दुसऱ्या गिऱ्हाइकाला पहिल्याचा भाव कळला तर तो त्यावर रुपया चढवून थांबतो. कळला नाही तर भीतीनं पाच चढवतो. हे मी अक्षरओळखीच्या आधी शिकलो. दुसरी विद्या याहून सोपी. भाव अडला की बैलाचं दावं सोडायचं, बैल वळवायचा आणि चालू लागायचं. मागं बघायचं नाही. गिऱ्हाईक खरं असेल तर पाठीमागून हाक येतेच.

एवढ्या दोन विद्यांवर मी सोलापुरात आलो आणि साच्यावर, म्हणजे गिरणीच्या मागावर, उभा राहिलो. गावात भोंगे आणखीही वाजत, पण आमच्या चाळीपासून चालत जाण्याजोग्या गिरण्या दोनच. एक रेल्वेच्या अलीकडे, एक पलीकडे. त्या काळी कापडाला उठाव होता आणि माणूस मिळत नव्हता. मी अलीकडच्या गिरणीतून पलीकडे गेलो, भाव वाढला. पलीकडून अलीकडे आलो, आणखी वाढला. माझी खात्री पटली की गिरणी म्हणजे गुरांचाच बाजार, फक्त छप्पर घातलेला. पुढं जे झालं ते या खात्रीमुळं झालं असं आमच्या आळीतले शहाणे अजून म्हणतात. त्या शहाण्यांपैकी एकानंही जन्मात कधी भाजीवालीशी चार आण्यांची घासाघीस केलेली नाही, तेव्हा त्यांचं मत मी मनावर घेत नाही.

अक्का माळशिरसकडं दिलेली. नवरा वारल्यावर दिराच्या घरी राहायची, म्हणजे दिराच्या घरी राबायची. मी तिला घेऊन आलो आणि अलीकडच्या गिरणीत सूत भरायच्या खात्यात लावून दिली. लडीवरचं सूत बॉबिनवर भरायचं, तुटला धागा की गाठ मारायची, भरलेल्या सुताच्या वजनावर पैसे. खात्यात सगळ्या बायका आणि त्यांच्यावर एक नायकीण. पहिल्या सहा महिन्यांतच अक्कानं आमच्या मागच्या रांगेत स्वतःची खोली घेतली.

"माझ्याकडं राहा की," मी म्हणालो. "खोली हाय, ताट हाय."

"तुझ्या खोलीत तुझी बायको हाय," ती म्हणाली. "एका चुलीवर दोघींचा हात आला की भाकरीला दोन चवी येत्यात."

खोली म्हणजे काय, चूल मांडली की झोपायला जागा उरायची नाही. पण ती रोज संध्याकाळी दार उघडं टाकून उंबऱ्यावर बसायची आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला "या की बसायला" म्हणायची. दिराच्या घरी तिला कुणाला बस म्हणायची सोय नव्हती. त्या आळीत एवढ्या आग्रहानं बोलावणारी आणि एवढा पातळ चहा देणारी दुसरी बाई नव्हती.

तिच्या शेजारच्या खोलीत फिटर राहायचा. कोकणातला, मुंबईत शिकलेला, आमच्याच गिरणीत यंत्रं दुरुस्त करणारा. बायको गावी, संसार एका पत्र्याच्या ट्रंकेत. रविवारी माझ्या दारात चहाला यायचा आणि मला 'दलाल' म्हणायचा.

मग मंदी आली. आली असं मालक सांगत. आम्ही काही तिला पाहिलं नाही. ती फक्त पगाराच्या दिवशी गावात यायची आणि मालकांच्या घरी मुक्काम न करता थेट आमच्याकडे उतरायची. एका महिन्यात सूत भरण्याचा दर कापला. नायकिणीनं बायकांना सांगितलं, "आजपासनं वजनाला कमी. का म्हनून इचारू नका, मलाबी कुनी सांगितलं न्हाई." बायका दोन दिवस कुरकुरल्या आणि तिसऱ्या दिवशी तेवढ्याच पैशांसाठी जेवणाच्या सुट्टीतही सूत भरायला लागल्या. खात्यावरच्या साहेबाला गिरणीत मास्तर म्हणत; त्या मास्तरांना फार समाधान वाटलं. दर कापला की काम वाढतं, हा शोध त्यांना त्या दिवशी लागला.

त्याच महिन्यात फिटरचा पगार वाढला.

"काय केलंस?" मी विचारलं.

"काय नाय. मास्तरांना म्हटलं, अहमदाबादहून बोलावणं आलंय."

"आलंय?"

"येईल. बोलावणं काय, आपण दोनदा सांगितलं की येतं."

मी त्याच संध्याकाळी अक्काच्या उंबऱ्यावर जाऊन बसलो.

"फिटरला वाढवलं, तुमचं कापलं. का?"

"त्येला यंत्र कळतंय," ती म्हणाली.

"गेल्या साली बी कळत हुतं. औंदा त्याची बोटं लांब झाली का तुझी आखूड झाली?"

"मग का?"

"त्यानं दावं सोडलं. तुमी सोडत न्हाई."

"मी बैल हाय का रं?"

"बैलाला निदान भाव तरी येतोय."

ती हसली. ती हसली म्हणजे अर्धा सौदा झाला, हे मला ठाऊक होतं. मी तिला सगळं समजावून सांगितलं. शनिवारी काम सुटलं की नायकिणीकडं बिल्ला टाकायचा, म्हणजे नंबर कोरलेली ती पितळी चकती परत करायची, आणि पलीकडच्या गिरणीत जाते म्हणून सांगून निघायचं. तिच्याइतकं सूत भरणाऱ्या बाया खात्यात तीन-चारच. हाक येईलच. नाही आली, तर सोमवारी पलीकडची गिरणी आहेच. दोन गिऱ्हाइकं असलेला माल पडून राहत नाही.

"आणि न्हाई घेतलं तर?"

"मी दोनदा गेलो न्हाई का?"

"तू गेलास तवा दिवस येगळं हुतं."

"दिवस तेच असत्यात. मानसं भितात म्हनून येगळं दिसत्यात."

हे वाक्य मला त्या वेळी फार आवडलं होतं.

शनिवारी मी मुद्दाम खात्याच्या दाराशी उभा राहिलो. अक्कानं बिल्ला नायकिणीच्या हातात दिला. नायकिणीनं तो उलटासुलटा करून पाहिला.

"रागं जातीस का खरंच जातीस?" तिनं विचारलं.

"खरंच जाते."

"मग जा बाई. पर माघारी आलीस तर नवी म्हनून येशील. जुनी म्हनून न्हाई. हे आदी सांगते, मागनं नायकीण वंगाळ म्हनू नगंस."

मी नायकिणीला म्हणालो, "मावशी, मास्तरांना सांगा, चांगली बाई चाललीय."

"सांगते की," ती म्हणाली. "त्येनी इचारलं तर."

आम्ही फाटकाकडं चालू लागलो. मी चाल मुद्दाम संथ ठेवली. बाजारातही ठेवतात, गिऱ्हाइकाला विचार करायला वेळ मिळावा म्हणून. आम्ही फाटकातून बाहेर पडलो, रस्ता ओलांडला, पानपट्टीवाल्याशी मी उगाच दोन शब्द बोललो. गिरणीतून कुणी आलं नाही. पानपट्टीवाल्यानं मात्र विचारलं, कुणाची वाट बघताय.

रविवार अक्कानं खोली सारवण्यात घालवला. तिला उद्याची भीती वाटली की ती सारवायची.

सोमवारी पलीकडच्या गिरणीत गेलो. तिथले मास्तर स्वच्छ कोट घालणारे, मऊ बोलणारे गृहस्थ. मला स्टुलावर बसायला सांगितलं. अक्का उभी. नोकरी तिला पाहिजे होती, तेव्हा उभं राहणं तिच्याकडं आलं असावं.

"सूत भरायच्या खात्यातल्या ना?" त्यांनी मीच काही सांगायच्या आत विचारलं. "अलीकडच्या गिरणीतून शनिवारी सोडलंत."

"तुमाला कसं कळलं?"

"काल बोलणं झालं. रविवारी आम्ही दोघं मास्तर पत्ते खेळतो."

मी म्हणालो, बरं झालं, म्हणजे काम कसं आहे ते तुम्हाला कळलंच असेल, आता दराचं बोलू.

"दर तोच."

"तोच म्हंजे कोणता? कापलेला का कापायच्या आदीचा?"

"तोच म्हणजे त्यांचा जो आहे तो. आणि त्यांच्याकडून सोडल्याची चिठ्ठी लागेल. त्यांची माणसं आम्ही चिठ्ठीशिवाय घेत नाही, आमची ते घेत नाहीत."

"आणि चिठ्ठी?"

"ते देणार नाहीत," मास्तर म्हणाले. त्यांच्या बोलण्यात जराही वाईटपणा नव्हता. पाऊस पडेल की नाही हे माणूस सांगतो तसं त्यांनी सांगितलं. "बघा, दोन गिरण्यांत दोन दर ठेवले तर बायका नुसत्या इकडून तिकडं पळत राहतील. शिस्त राहत नाही."

"फिटर पळतो त्याचं काय? त्याला तर पगार वाढवता तुमी."

"फिटर मुंबईला पळतो, अहमदाबादला पळतो," ते म्हणाले. "तिथल्या मास्तरांशी आमचं बोलणं नाही."

इतकं खरं बोलणारा माणूस मला त्या गावात दुसरा भेटला नाही. मी जन्मभर उपरण्याखाली भाव ठरवणाऱ्यांत वाढलेला, आणि त्या स्टुलावर बसून मला समजलं की उपरणं या वेळी आमच्या डोळ्यांवर होतं आणि त्याच्याखालचे दोन्ही हात गिऱ्हाइकांचेच होते. मी ज्यांना दोन गिऱ्हाइकं समजत होतो ते दोघे केव्हाचे व्याही झाले होते. सोयरीक झाली, मानपान झाले, जेवणावळी झाल्या. आम्हाला अक्षता तेवढ्या पाठवायच्या राहिल्या.

बाहेर आल्यावर अक्का एवढंच म्हणाली, "त्येला माझं नावबी इचारावं वाटलं न्हाई. आदीच ठावं हुतं वाटतं."

मला त्या वेळी गप्प बसता आलं असतं. आळीतले शहाणे म्हणतात, तेवढं केलं असतं तरी बहिणीचं बरं झालं असतं. असेल. पण मी तिथून निघालो तो तडक आमच्या मास्तरांच्या कचेरीत शिरलो. हे मास्तर जाड, घामट, आणि पलीकडच्या मास्तरांइतके खरे बोलणारे नव्हते.

"दर आम्ही ठरवत नाही," ते म्हणाले. "दर बाजार ठरवतो."

"कुठला बाजार, सायब?"

"बाजार म्हणजे बाजार."

"न्हाई, मी बाजारातलाच हाय म्हनून इचारतो. कुठं भरतो हा बाजार? कोणत्या वारी? जागा सांगा, मी बहिणीला घेऊन जातो. दोन रविवार वाया गेले तरी चालंल."

"आवाज खाली ठेव."

"बाजारात गिऱ्हाइकं निदान दोन असत्यात. तुमच्या बाजारात एकच गिऱ्हाईक दोन टोप्या घालून बसलंय. एक टोपी रुळाच्या हिकडं, एक तिकडं."

मी टेबलावर हात आपटला. दौत कलंडली आणि शाई त्यांच्या धोतरावर गेली. ती मी मुद्दाम सांडली नाही. मुद्दाम सांडली असती तर कोटावर सांडली असती. त्या दिवशी माझं साच्यावरचं काम गेलं. ते मी या तक्रारीत धरत नाही. शाई मी सांडली, शिक्षा मला झाली, हिशेब मिटला. अक्कानं काय सांडलं होतं?

तिला त्यांनी आठवड्यानं परत घेतलं, मोठ्या मनानं. नवी म्हणून घेतलं. म्हणजे कापलेला दर आणि वर बदलीचं काम. रोज पहाटे फाटकावर उभं राहायचं, कुणी बाई आजारी पडली, बाळंत झाली, मेली, तर आत जायचं. सगळ्या धडधाकट असल्या तर घरी यायचं. बिचारी अक्का, जिनं कुणाचं वाईट चिंतलं नाही, ती रोज सकाळी दुसऱ्या बाईला ताप यायची वाट बघत उभी राहायची. त्यात बाकीच्या बायकाही शिकल्या. तिच्यानंतर त्या खात्यातून एकीनंही बिल्ला टाकला नाही. पुढं दर आणखी एकदा कापला तेव्हा कुणी कुरकुरलंही नाही. एका बाईला फाटकावर उभं करून दोन गिरण्यांनी सगळ्यांना शहाणं केलं. इतकी स्वस्त शाळा कुठं पाहायला मिळणार नाही.

फिटरनं त्या वर्षी आणखी एकदा पगार वाढवून घेतला. मला त्याचा राग नव्हता. तो अक्काच्या दारात येऊन म्हणाला, "ताई, मी तुमच्याहून जास्त काय करतो? मला फक्त रेल्वेचं तिकीट परवडतं."

"आणि मला कुटं जायला येतंय," अक्का म्हणाली. "हितं खोली हाय माजी."

म्हणजे बघा. बाईला खोली सोडायची नव्हती म्हणून ती कुठं जाऊ शकत नव्हती. ती कुठं जाऊ शकत नाही म्हणून तिचा दर कापता येत होता. आणि दर कापल्यामुळं खोली राहत नव्हती. दिवाळीच्या आधी तिनं खोली सोडली. चूल मी माझ्या हातानं फोडली, कारण ती फोडायला तिचा हात उचलेना. फिटर पुढच्या उन्हाळ्यात अहमदाबादला गेला. बोलावणं खरंच आलं होतं.

अक्का माझ्याकडं आली. दुसरीकडं माळशिरस होतं. मी तिला काही कमी पडू दिलं नाही, हे मी एकदा तिच्यासमोर पाहुण्यांना सांगत होतो. पाहुणे गेल्यावर ती म्हणाली, "कमी पडू दिलं न्हाईस, खरं हाय. तू देतोस, मी घेते. दिराकडं बी तसंच हुतं. तितं तेवढी शिवी जास्त हुती." तेव्हापासून पाहुण्यांना मी दुसरं काहीतरी सांगतो.

ती आता उंबऱ्यावर बसत नाही. उंबरा माझ्या बायकोचा आहे, आणि माझी बायको वाईट नाही. तरी एखादी ओळखीची बाई दारावरून गेली की अक्का आतूनच आधी माझ्या बायकोकडं बघते आणि मग "ये की" म्हणते.

माझं पुढं बरं झालं. काम गेल्यावर मी गिरण्यांच्या चिंध्या आणि तुटकं सूत विकत घ्यायला लागलो. बार्शी, पंढरपूर, मुंबई, कुठंही माल पाठवतो. लोक मला शेठ म्हणतात, आणि ज्या कचेरीत शाई सांडली तिथं मला खुर्ची मिळते. गिरणीच्या चिंध्यांना गिऱ्हाइकं पुष्कळ आहेत. मी आहे, माझ्यासारखे आणखी आहेत, आम्ही एकमेकांचं तोंड बघत नाही, त्यामुळं चिंध्यांचा भाव चढतच असतो. ज्या बायका ते सूत भरतात त्यांचा चढत नाही. त्यांच्या हातातून तुटून खाली पडलं की त्याच सुताला भाव येतो. मी मास्तरांच्या जागी आलेल्या नव्या माणसाला हे एकदा सांगून पाहिलं. तो म्हणाला, शेठ, दर बाजार ठरवतो. मी खुर्चीवरून उठलो. दौत त्यानं आधीच लांब ठेवली होती.

पलीकडच्या गिरणीचे ते मऊ बोलणारे मास्तर वारले. आमचे मात्र आहेत. याच गावात, स्वतःच्या बंगल्यात, गॅलरीत आरामखुर्ची टाकून. गेल्या साली त्यांचा सत्कार झाला. भाषणात ते म्हणाले की कामगारांना मी घरच्यासारखं वागवलं. हार घातलेले लोक टाळ्या वाजवत होते. मीही मागं उभा होतो, माझे हात खिशात होते.

त्यांच्याकडून मला भरपाई नको. अक्कालाही नको, ती घेणार नाही. त्यांनी फक्त माझ्या घरी यावं. खुर्ची देईन, चहा देईन, दौत ठेवणार नाही. अक्का समोर बसेल. तिच्याकडं बघून त्यांनी एवढं सांगावं, की दोघं मास्तर त्या महिन्यात पत्ते खेळायला बसले, बायकांचा दर ठरवला, तेव्हा तो आकडा आधी कोण बोललं. आणि दुसरा 'हो' म्हणायला किती वेळ थांबला. मेलेल्यावर ढकलायचं असेल तर तेही तिच्या तोंडावर ढकलावं. मी तीनदा निरोप धाडला, तिन्ही वेळा साहेब झोपलेत म्हणून सांगितलं. हे त्यांच्या घरात कुणी वाचत असेल तर त्यांना उठवा.